निम्म्याची वाटेकरीण

तियोदोर आणि एर्मेलिंदा फुर्तादो हे नवरा-बायको वर्षातून एकदाच भेटत, तेही माझ्या मडगावच्या कचेरीत. मी लोकांची आयकराची कामं करतो. सगळे मला देसायबाब म्हणतात.

आमच्या गोव्यात आधी करार न करता लग्न केलं की दोघांचं सगळं निम्मं-निम्मं होतं. पगार ज्याचा त्याचा, पण धंदा, भाडं, व्याज यातलं अर्धं नवऱ्याच्या विवरणपत्रात जातं, अर्धं बायकोच्या. कोर्टातून रीतसर वेगळं झाल्याशिवाय यातून सुटका नाही, मग तुम्ही दोन घरांत राहा की दोन गावांत.

हे दोघे दोन गावांत राहत. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. तियोदोर जहाजावर आचारी होता तोवर त्यांचा संसार सुरळीत चालला. तो कायमचा घरी आला आणि दोघांच्या लक्षात आलं, आपल्याला एकट्यानं राहायची सवय झालीय. एर्मेलिंदा, म्हणजे आमची लिंदा, शाळेत शिकवायची. तिनं मडगावला जागा घेतली. त्यानं चांदरच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. त्या खोल्यांची अर्धी मिळकत दर जुलैत तिच्या विवरणपत्रात यायची आणि ती करवादायची, "ह्याच्या पाहुण्यांच्या चादरी मी धुते का? मग कर मी का भरू?"

"निम्मे पैसे पाठवतो, तेव्हा नाही कुरकुरत," तियोदोर खाली बघत म्हणायचा.

त्या वर्षी ठरलेल्या सकाळी ती आली. तो आलाच नाही. फोनही बंद.

"घर विकून बसला असेल," ती म्हणाली. "कोण एक बिल्डर मागे लागलाय म्हणे."

"तुमच्या सहीशिवाय कसं विकेल, बाय?"

ती हळूच म्हणाली, "तो कधी उशीर करत नाही हो. जहाजावरचा माणूस." लगेच पर्स उचलून उभी राहिली. "तुमची गाडी आहे ना खाली? चला."

वाटेत पाऊस कोसळत होता. पावसाळ्यात तियोदोरकडे पाहुणे नसतात, कामवाली आपल्या गावी जाते, आणि शेजारचं घर तर बंदच. ती माणसं लंडनला. हे सगळं ती मनात जुळवत असणार, कारण मीही तेच जुळवत होतो.

आम्ही दार ठोठावलं. उत्तर नाही. तिनं पर्समधून त्या घराची चावी काढली.

स्वयंपाकघरात शिडी आडवी पडली होती आणि तिच्या बाजूला तियोदोर. एक पाय भलताच वळलेला. गळकं कौल सारायला चढला आणि घसरला. खिशातला फोन अंगाखाली येऊन फुटला. आदल्या दिवसापासून तो तसाच पडून होता. छतातून गळणारं पाणी वाटीत धरून प्यायचा, हाताला आलेल्या बरणीतलं लोणचं चाटायचा. पाववाल्या पोदेराला हाका मारल्या होत्या, पण त्याच्या सायकलच्या भोंपूपुढे त्या कुठल्या ऐकू जाणार!

लिंदा धावत त्याच्याजवळ जाऊन बसली. "तियोदोर!"

त्यानं डोळे उघडले. आवाज पार बसलेला. "आज देसायबाबाकडे जायचं होतं ना? म्हटलं, मी गेलो नाही की शिव्या द्यायला तरी ही येईल."

"गाढवा! या वयात कुणी शिडीवर चढतं? मेला असतास म्हणजे?"

"मग सगळंच तुला. कुरकुर मिटली असती."

"गप बस!" ती ओरडली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली. मी बाहेर जाऊन रुग्णवाहिका बोलावली.

इस्पितळात त्याला आत नेलं. नर्सनं कागद भरता भरता विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"निम्म्याची वाटेकरीण," लिंदा म्हणाली. नर्स बघतच राहिली. "बायको गं. बायको लिही."

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. मांडीचं हाड मोडलंय, सळई घालावी लागेल, पण माणूस धडधाकट आहे, चालायला लागेल, म्हणाले. लिंदानं छातीवर क्रूस काढला आणि एवढा मोठा श्वास सोडला की बाकावरची म्हातारी दचकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देसायबाब, भूक लागली हो." आम्ही समोरच्या हॉटेलात पावभाजी खाल्ली. तिनं दोन बशा संपवल्या आणि तियोदोरच्या बावळटपणाचे जुने किस्से सांगत हसत राहिली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दोघांची विवरणपत्रं मुदतीत भरली. यंदा चादरींचा विषय निघाला नाही. काठी सुटेपर्यंत ती चांदरला राहिली, मग मडगावला परतली. मी विचारलं तर म्हणाली, "एका घरात आमचं नाही जमत. जमवायचं कशाला?"

पण आता रोज संध्याकाळी ती त्याला फोन करते. उचलायला उशीर झाला की तियोदोर सणसणीत शिव्या खातो, आणि मला सांगताना खूश असतो.