सात ढेपा

पुजाऱ्याने एकावन्नावी ढेप ठेवली आणि लवू बसला होता ते पारडं अलगद जमिनीवरून उठलं.

"झाली गुळाची तुला," पुजारी म्हणाला.

"झाली कशी?" सुगंधा पुढे सरसावली. "अजून सात ढेपा आहेत खाली."

किलोकिलोच्या अठ्ठावन्न ढेपा तिने स्वतः दोनदा मोजून घेतल्या होत्या. भांडुपच्या टेकडीवरच्या सातेरी देवीच्या देवळापर्यंत रिक्षा येत नाही, म्हणून शेवटचा चढ गोणी ओढत आली होती. नवऱ्याचं वजन अठ्ठावन्न, म्हणून गूळ अठ्ठावन्न. यात चुकायला होतं काय?

"वाण्यान जास्त घातल्यान काय गो?" थोरल्या नणंदेने पायरीवरून विचारलं.

"वाणी कधी जास्त घालतो का, वन्स? काहीतरीच तुमचं!"

गेल्या वर्षी लवूचं वजन असंच गुपचूप उतरत गेलं होतं. विक्रोळीच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला, सकाळी फिरायला जायचा. चाळीत जो तो म्हणे, काय फिट झालात, झकास! सुगंधाही खूश होती. मग रक्त पडायला लागलं, आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. निघताना डॉक्टरांनी तिलाच बजावलं, "वजनावर लक्ष ठेवा. उगाच उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका."

तिने वजनकाटा आणला. दर शनिवारी लवूला त्यावर उभं करायचं. लवूही दर पंधरा दिवसांनी काट्याला तेल घालायचा. चार महिने अठ्ठावन्न टिकलं तर गुळाची तुला करीन, असा देवीला नवस बोलली. आणि काटा टिकला. पेज, अंडी, मटणाचं सूप, काय काय म्हणून तिने केलं नव्हतं! हा अर्धी वाटी ठेवायचा, उरलेलं ती संपवायची. त्यामुळे त्याचं टिकलं आणि हिचंच चढलं. त्याच काट्यावर सात-आठ किलो! वैतागून तिने रात्रीचा भात सोडला होता. तरी काटा चढतच होता. ब्लाउज मात्र सैल होत होते, पण ते पाहायला वेळ कुणाला होता?

"तुमचा तराजू बरोबर आहे ना?" तिने पुजाऱ्याला विचारलं.

पुजाऱ्याने दोन्ही पारडी रिकामी करून दाखवली. दांडी सरळ राहिली. मग लवू पुन्हा बसला, ढेपा पुन्हा चढल्या. एकावन्न.

सुगंधाने आपल्या ब्लाउजच्या सैल बाहीत दोन बोटं घातली. मग तिने लवूकडे पाहिलं. तो देवीकडे बघत होता, इतक्या भक्तिभावाने तो एरवी कधीच बघत नसे.

"काट्याला दर पंधरा दिवसांनी तेल कशाला घालत होतात तुम्ही?"

लवू पारड्याच्या साखळीशी चाळा करत राहिला.

"अहो, मी विचारतेय!"

"आतली स्प्रिंग जरा ढिली केली," तो हळूच म्हणाला. जन्मभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्यात अवघड काय होतं? "वजन खाली आलं की आणखी थोडी ढिली करायची, म्हणजे काटा अठ्ठावन्नवरच."

"अरे देवा! का पण?"

"पंधरा दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलीस तू. पुन्हा तुला तिथे बसवायचं जिवावर आलं गं."

"म्हणून घरी बसून झिजत राहणार होतात? आणि मी येडी इथे रात्रीचा भात सोडून बसले!" तिचा आवाज फाटला. नणंद उठून उभी राहिली. सुगंधाने पदराने नाक पुसलं, पिशवीतून मोबाईल काढला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला.

"उतरू का?" लवूने विचारलं.

"बसा तिथेच! तुमचं खरं वजन तेवढ्या एकाच ठिकाणी कळतंय." मग फोनमध्ये म्हणाली, "हो, पेशंट लवू परब. पुढच्या महिन्याची तारीख नको, उद्याची द्या. वजन एकावन्न आहे. हो, नक्की. आत्ताच केलंय."

पुजारी खालच्या सात ढेपा गोणीत भरायला लागला.

"या घरी न्यायच्या ना, वहिनी?"

"नाही," सुगंधा म्हणाली. "देवीजवळ ठेवा. यांचं जेवढं वजन आलं तेवढाच गूळ तिचा. या सात यांच्या आहेत, वजन भरून आलं की चढवायला येईन मी."