पंचविसावा शब्द

मला वाटलं होतं, आत्याला समजावण्यातच दोन दिवस जातील. ग्लासगोहून येताना विमानात मी मनातल्या मनात उजळणीसुद्धा केली होती, की बिटकॉइन म्हणजे सट्टा नव्हे, पैसे माझ्या पर्समधल्या या छोट्याशा यंत्रात नसतातच, यंत्रात असते ती फक्त चावी. प्रत्यक्षात कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सत्यशीला आत्याने लसूण सोलत सोलत सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"चावी हरवली तर दुसरी कोण देतं?"

"कुणी नाही. चावी म्हणजे यंत्राने दिलेले चोवीस इंग्रजी शब्द. ते ज्याच्याकडे, त्याचे पैसे. ते हरवले की पैसेही गेले."

"म्हणजे दहा वर्षं विलायतेत राहून पोरीने पाठांतर आणलं," ती म्हणाली. "आण. आमच्या शाळेत चौतीस वर्षं तेच चाललं होतं."

मला हसू आलं, आणि अभिमानही वाटला. आमच्या घरात चावीचं महत्त्व कुणाला शिकवावं लागत नाही. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा बाबुराव, मार्केट यार्डात हमाल होते. त्यांची मजुरी मुकादमाकडे जमा असायची आणि स्वतःच्याच पैशांसाठी त्यांना त्याच्या दारात उभं राहावं लागायचं. चाळिसाव्या वर्षी ते सही शिकले, आणि त्यानंतर त्यांनी कुठेही अंगठा दिला नाही. त्यांच्या नावाने गुलटेकडीला हमालांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची, हे मी परदेशात जाण्याआधीच ठरवलं होतं. चार वर्षं संध्याकाळी नोकरीनंतर प्रोग्राम लिहून मी जे कमावलं ते त्यासाठीच होतं, आणि ते सगळं बिटकॉइनमध्ये, एका परदेशी कंपनीच्या खात्यात पडून होतं. त्या कंपनीने आठवड्यापूर्वी कळवलं होतं, की सोमवारी दुपारी बारापर्यंत पैसे काढून घ्यावेत, त्यानंतर खाती गोठवली जातील. पुन्हा तेच, पैसे आपले आणि दार मुकादमाचं.

म्हणून रविवारी दुपारी मी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि ते पैसे स्वतःच्या चावीमागे आणायच्या कामाला लागले. चावी जपणारं ते पेनड्राइव्हएवढं यंत्र, हार्डवेअर वॉलेट, मी थेट बनवणाऱ्यांकडून मागवलेलं होतं. आधी खोक्याचं सील तपासलं, मग आतली कार्डं कोरी आहेत ना ते पाहिलं, कारण शब्द आधीच छापून आलेले असतील तर समजावं की कुणीतरी आपली वाट बघत बसलंय. पिन ठरवला. मग बोटाएवढ्या पडद्यावर एकेक करून शब्द यायला लागले आणि मी ते पेनाने कार्डावर उतरवत गेले. फोटो काढायचा नाही, संगणकावर टाइप करायचं नाही, तोंडाने पुटपुटायचं नाही. वॉलनट. हर्डल. ऑयस्टर. चोवीस पूर्ण झाल्यावर यंत्राने मधलेच शब्द विचारून परीक्षा घेतली आणि मला पास केलं.

मान वर केली तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पटकन कार्डावर हात ठेवला.

"मी नाही बघत तुझं गुपित. तुझं बसणं बघतेय. तिसरीतही अशीच बसायचीस, डावा हात आडवा टाकून. जशी काय शेजारी कॉपी करायला टपलीय." मग ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक वही घेऊन आली. बाबांची बदली झाली तेव्हा तिसरीचं वर्ष मी तिच्याकडे काढलं होतं. "एक पान फाडलं नाही मी. वीस वर्षं झाली."

खाकी कव्हरची, शंभर पानी वही. आत प्रत्येक पानावर पेन्सिलीने एक ते चोवीस आकडे, प्रत्येक आकड्यापुढे एक इंग्रजी शब्द, आणि तळाशी आत्याच्या लाल पेनाची बरोबरची खूण. आत्या भाजी टाकायला आत गेली होती. मी कौतुकाने पहिलं पान बघत होते, आणि तिसऱ्या शब्दापाशी माझं बोट थांबलं.

वॉलनट. हर्डल. ऑयस्टर.

मी कार्डावरचा हात काढला आणि एकेक शब्द जुळवत खाली गेले. चोवीसच्या चोवीस, त्याच क्रमाने.

मी गणित शिकले आहे. पुण्यातल्या प्रत्येक माणसाने जन्मभर, दर सेकंदाला एक अशा याद्या काढल्या, तरी दोन याद्या सारख्या निघायच्या नाहीत. म्हणून मी स्वतःवर संशय घेतला. पडद्यावर वेगळं काही आलं असेल, आणि हाताने लहानपणी गिरवलेलं लिहून टाकलं असेल. पण मग यंत्राने परीक्षेत मला पास कसं केलं? मी मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकला. यंत्राने, जसं करायला हवं तसं, स्वतःला पुसून टाकलं. मी नव्याने सुरुवात केली, नवे चोवीस शब्द नव्या कार्डावर उतरवले आणि वहीचं दुसरं पान उलटलं. तेच होते. तिसऱ्यांदा मी काहीच लिहिलं नाही. आधी वहीचं पान उघडून समोर ठेवलं आणि मग बटण दाबत गेले, आणि यंत्र माझं तिसरीतलं पान वाचून दाखवल्यासारखं शेवटपर्यंत चालत राहिलं.

जेवताना मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "आत्या, त्या वहीतले शब्द तू कुठून सांगायचीस?"

"मी कुठे सांगायची? शाळेतून आलीस की दप्तर टाकायचीस आणि बसायचीस लिहायला. मी नुसती खूण करायची."

"तिसरीत मला एवढं इंग्रजी येत होतं?"

"गाय, मांजर आणि थँक्यू," आत्या म्हणाली. "म्हणून तर कौतुक. अख्ख्या स्टाफरूमला सांगितलं मी. कुलकर्णी बाई म्हणाल्या, डिक्शनरीतून उतरवत असेल. घरात डिक्शनरी होती कुठे? भाकरी वाढू का?"

मी भाकरी घेतली. ज्याला ते शब्द ठाऊक तो पैसे नेऊ शकतो, हा नियम मीच तिला सांगितला होता. आणि ते ठाऊक असणारी एक आठ वर्षांची मुलगी या घरात, याच टेबलाशी बसून गेली होती.

तरी एक वाट होती. चोवीस शब्दांवर आपण आपला एक पंचविसावा शब्द लावू शकतो. तो यंत्र देत नाही, आपण मनाने ठरवायचा, कुठेही लिहायचा नाही. तो नसेल तर चोवीस शब्द हाती लागूनही चोराला रिकामं खातं दिसतं. आत्याला मी या शब्दाबद्दल काही सांगितलं नव्हतं. ताटं घासता घासता मी एक शब्द ठरवला. कुणाचं नाव नाही, तारीख नाही, माझ्याशी कुणी जोडू शकेल असं काही नाही. तो ठरल्यावर मला शांत वाटलं, आणि मी गाढ झोपले.

सकाळी आत्याने चहाचा कप पुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. वही तिच्या हातात होती.

"पंचविसावा ठरला?"

मी कप उचलला नाही. "कसला पंचविसावा?"

"चोवीस लिहायचीस. पंचविसावा कधीच लिहिला नाहीस. वही माझ्याकडे दिलीस की माझ्या कानात सांगायचीस, रोज तोच, आणि कुणाला सांगायचा नाही म्हणून शपथ घालायचीस." ती ताठ बसली. माझ्या नावाचं बक्षीस घ्यायला ती शाळेच्या मंचावर चढली होती, तेव्हा तिचा चेहरा असाच होता. "तुझ्या बापालासुद्धा नाही सांगितला. विचार त्याला."

तो शब्द कोणता, एवढ्या एका प्रश्नात उलगडा झाला असता. तिचा शब्द वेगळा निघाला असता तर मी सुटले असते. घड्याळात आठ वाजले होते, बाराला खाती गोठणार होती. मी त्या वहीकडे बघत राहिले. जिने कुणी हे लिहिलं तिच्याकडे वीस वर्षं ही चावी होती, आणि जिने ते ऐकलं तिने वीस वर्षं ब्र काढला नव्हता. पत्र्याच्या एका पेटीत, साध्या कडीमागे. मला भीती वाटत होती हे खरं, पण त्या भीतीखाली काहीतरी ताठ उभं होतं, आजोबांच्या सहीसारखं. एवढी पक्की तिजोरी मला जगात दुसरी कुठे मिळणार होती? मी आत्याला तो शब्द विचारायचा नाही असं ठरवलं, आणि अभ्यासिकेचा पै न् पै याच वहीतल्या शब्दांमागे ठेवायचा, हेही ठरवलं.

मी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवून घेतला, डावा हात आडवा टाकला आणि दोन बटणांनी एकेक अक्षर शोधत माझा शब्द भरायला लागले. आत्याला पलीकडून काहीच दिसत नव्हतं. ती नुसती वाट बघत होती. शेवटचं एक अक्षर राहिलं होतं, माझं बोट अजून बटणावर टेकलंही नव्हतं, तेव्हा तिने समाधानाने मान हलवली आणि बरोबरची खूण करायला लाल पेनाचं टोपण काढलं.