पाण्याची पाळी

पाऊस जाऊन चोवीस दिवस झाले होते. डोणगावच्या शिवारात भागवतची बीटी कपाशी माना टाकून उभी होती. धुऱ्याच्या, सामाईक बांधाच्या, पलीकडचं दोन एकर त्याच्या वहिनीचं, जनकाबाईचं. तिचा नवरा तुळशीराम ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. वावर तीच बघायची. यंदा तिनं देशी कपाशी लावली होती, मधे मूग आणि तूर, आणि सगळ्या मातीवर सोयाबीनचं कुटार वीतभर पसरलं होतं. गुरांचं खाणं मातीत घालते म्हणून लोक हसले होते.

त्या दुपारी भागवत गाडी जुंपूनच आला. हातात दाताळं.

"वैनी, कुटार भरून नेतो. बैलायले काडी नाही राह्यली."

"हात लावू नका, भाऊजी."

"जनावरं मरून राह्यली अन् तुम्ही माती झाकून ठेवसान?"

त्यानं दाताळं ओढलं. हातभर माती उघडी पडली. जनकाबाई दाताळ्यापुढं जाऊन बसली. तिनं कुटाराखालून मूठभर माती काढून त्याच्या तळव्यावर दाबली. गार, ओलसर ढेकूळ झालं.

"बैल माती खात नाहीत, वैनी."

खरंच होतं ते.

"माही पाण्याची पाळी तुम्ही घ्या. सुबाभळीचा पाला तोडा बैलायले. कुटार राहू द्या."

सामाईक विहिरीत रोज जेमतेम तासाभराचं पाणी साचत होतं. "अन् पाऊस नाही आला तं?"

"तं माही कपाशी जाईन."

तुळशीराम फोनवर ओरडला, "पाणी काऊन देलं?" तिनं फोन ठेवून दिला.

पुढे मूग वाळला. शेंगा भरल्याच नाहीत. तिनं तो उपटून भागवतच्याच बैलांपुढं टाकला. कपाशी दुपारी मलूल व्हायची, ऊन उतरलं की सावरायची. सातव्या दिवशी ती सावरली नाही. जनकाबाई विहिरीवर गेली, मोटारीच्या पेटीवर हात ठेवला. पाणी भागवतच्या सरीत चाललं होतं. ती तशीच परतली.

दहाव्या दिवशी आभाळ फाटलं. तासाभरात भागवतच्या वावरातली माती नाल्यात गेली, उरलेल्या झाडांत चार दिवस पाणी तुंबलं आणि कपाशी लाल पडली. जनकाबाईच्या वावरात पाणी कुटाराखाली जिरत गेलं. आठवड्यानं तिच्या झाडांना पात्या, म्हणजे फुलकळ्या, धरल्या.

दिवाळीला बोंडं फुटली. बारीक, पण भरपूर. भागवत आला, कमरेला फडकं बांधलं आणि तिच्या शेजारची ओळ वेचू लागला. ओळ संपल्यावर म्हणाला, "या कपाशीची सरकी देसान मले?"

"देईन ना. पण सगळ्या वावरात नका लावू. पहिले एक एकर करून पाहा."

"हाव," तो म्हणाला आणि पुढच्या ओळीला लागला.