अंधाऱ्या खोलीवरचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. इस्पितळात एका अंधाऱ्या खोलीच्या दारावर मला बसवले, त्याला तीस वर्षे झाली. त्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म धुतल्या जात. जरा उजेड आत शिरला, की फिल्म वाया गेलीच म्हणून समजा. त्यामुळे मी पेटलो की दाराला हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा बाहेर थांबत. मला तेव्हा किती मोठेपणा वाटे म्हणून सांगू!

आत फिल्म धुणारे तंत्रज्ञ काम करत; सगळे त्यांना काका म्हणत. फिल्म धुण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. धुण्याचे औषध जुने झाले की नाही, हे ते नुसत्या वासावरून सांगत. "काकांनी धुतलीय ना? मग बघायलाच नको," असे सगळे म्हणत.

मग फिल्म न लागणारे यंत्र आले. चित्र थेट पडद्यावर उमटे. ते शिकवायला समोरच्या खोलीत दर बुधवारी वर्ग भरू लागला. पहिल्याच दिवशी काकांनी भलतेच बटण दाबले आणि एका आजोबांच्या छातीचे चित्र पुसले गेले. वर्गात हशा पिकला. काकाही हसले, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

पुढच्या बुधवारी काका रिकाम्या हातांनी खोलीत शिरले, आतून कडी लावली आणि मला पेटवले. धुवायला एकही फिल्म नव्हती. हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होते.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेली ताई बोलवायला आली आणि मला बघून थबकली. "काका, वर्ग सुरू झाला हो!"

"हातातलं काम टाकून कसा येऊ? तू हो पुढे," आतून आवाज आला.

असे सहा बुधवार गेले. मी इमानाने जळत राहिलो. एकदा तरी उडायला हवे होते मी! सातव्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घ्यायला प्रत्येकाला यंत्रावर बसवले. काकांची बोटे जागची हलली नाहीत. त्यांना जुन्या एक्स-रेंची पाकिटे लावून ठेवायचे काम मिळाले. विभाग ताईकडे गेला.

आता त्या खोलीत पाकिटांचे ढीग आहेत. काका तिथेच बसतात. त्यांच्या टेबलावर वर्गातली पुस्तिका असते. कोणी पाहू नये म्हणून मला पेटवून ते ती वाचतात. पाने हाताळून हाताळून मऊ झाली आहेत. वर्गाला येता का, असे कोणीतरी पुन्हा एकदा विचारील, एवढीच त्यांची आशा आहे.

परवा ताई नव्या वर्गाची यादी घेऊन आली. दार वाजवायला तिने हात उचलला, तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे गेली.

"जाऊ दे. नाहीच म्हणतील," ती पुटपुटली आणि निघून गेली.

थोड्या वेळाने दार उघडले. "ताई, आली होतीस का गं?" काकांनी विचारले. बाहेर कोणीच नव्हते.

मित्रांनो, शिकताना चुकणाऱ्याला हसू नका. आणि तुमचे कोणी असे आत बसले असेल, तर मला न जुमानता दार वाजवा. मला आपणहून विझता येत नाही. माझे बटण आतल्या बाजूला आहे.