गौरीची फुलदाणी

कमळाकर कर्णिक नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये एकशे अकरा जुन्या बरण्या आणि फुलदाण्या घेऊन एकटेच राहत. बायको गेली, मुलगा पुण्याला पळाला, पण बरण्यांवरची धूळ रोज सकाळी पुसली जाई. निवृत्तीनंतर त्यांचा एकच उद्योग होता. आपट्यापासून उरणपर्यंत दारोदार फिरायचं, कुणाच्या फळीवर जुनी चिनी माती दिसली की तिला नावं ठेवायची आणि कवडीमोलाने उचलायची. नावं ठेवण्यात या गृहस्थांचा हात धरणारा उभ्या तालुक्यात नव्हता.

त्यांच्याकडे एक निळी फुलदाणी होती, पोटावर कमळं आणि दोन बगळे काढलेली. अशा फुलदाण्या जोडीने बनवत. दुसरी कुठे आहे हे त्यांना तीन वर्षांपासून ठाऊक होतं. ती पनवेलच्याच कोळीवाड्यात, मासळी विकणाऱ्या गुणाबाईच्या घरात, देवाशेजारी होती. ती मिळाली नाही तर आपला सगळा संग्रह फुकट, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. गुणाबाई मात्र त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे. शेजारच्या जिजाच्या आजीची बरणी या माणसाने प्लास्टिकच्या टबाच्या बदल्यात उचलली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"तुमच्या नजरेत चोर बसलाय, सायेब," ती तोंडावर सांगायची.

कर्णिक तिला मनात शिव्या घालत आणि पुन्हा जात.

दोन हजार नऊ सालच्या भाद्रपदात, गौरीच्या आठ दिवस आधी ते गेले, तेव्हा गुणाबाई ओट्यावर बसून फुलदाणी धूत होती. दरवर्षी तिच्यातच तेरडा उभा करून ती गौर बसवायची. कर्णिकांनी या वेळी विकत मागितली नाही. नुसती हातात घेतली आणि उन्हात फिरवली. जुन्या चिनी मातीच्या चकाकीवर वयाने केसासारख्या बारीक रेषा येतात. भांड्याला त्याने काही होत नाही, उलट खऱ्या जुन्या मालाची ती ओळख. कर्णिकांनी हे झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

त्यांनी जिभेने च्च केलं. "अरेरे, हिला तडा गेलाय."

"कनचा तडा? माज्या सासऱ्यानं आनली तवापासून अशीच हाय."

"आतपर्यंत गेलाय, बाई. या रेषा दिसत नाहीत का? आज ना उद्या दुभंगणार. भंगलेलं भांडं गौरीपुढे चालतं का तुमच्यात? मला द्या, शोभेला ठेवीन. पाचशे देतो."

गुणाबाईचं तोंड उतरलं. तिने फुलदाणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदराने पुसली. "गौर जाऊ द्या. मंग बगू."

बाण बरोबर लागला म्हणून कर्णिक खुशीत घरी आले आणि त्यांनी कपाटात जागा करून ठेवली.

गौरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते हजर झाले. देवाशेजारी तांब्याचा तांब्या होता.

"फुलदाणी कुठाय?"

"गेली."

"कोणाला विकलीस?" त्यांची जीभ सरळ एकेरीवर आली.

"गौरीची वस्तू कोन इकतो? तुमीच बोललात, भंगलीय. भंगलेलं घरात ठेवायचं नाय, कोनाला द्यायचं नाय. ह्या वर्साला गौर तांब्यात बसवली. ती फुलदानी गौरीसंगं खाडीत सोडली. चाळीस वर्सं पुजली ती, सायेब. रडत नेली मी."

"मूर्ख बाई!" कर्णिक किंचाळले. "तडा नव्हताच तिला!"

गल्लीतली दारं उघडली. गुणाबाई सावकाश उठली.

"नव्हता? मंग गौरीच्या तोंडावर खोटं कशाला बोललात?"

कर्णिकांनी फक्त कुठे सोडली ते विचारलं.

"बंदराच्या पायरीखाली. ओहटी हाय आता. जावा, शोदा."

बासष्ट वर्षांचे कर्णिक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. कोळणी पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही, हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अर्ध्या तासाने त्यांच्या बोटांना गुळगुळीत गळा लागला. त्यांनी ती उपसून काढली, धुतली, बोटाच्या पेराने वाजवली. खणखणीत आवाज झाला आणि पायऱ्यांवर सगळ्यांनी तो ऐकला. आनंदाने त्यांना रडू येत होतं. त्यांनी फुलदाणी छातीशी धरली आणि ते वळले.

"ठेवा," गुणाबाई म्हणाली.

"पाण्यातली वस्तू सापडेल त्याची!"

"गौरीला दिलेली हाय ती. गौरीला लुटून ह्या पायऱ्या चढनार?"

पायऱ्यांवर आता पाऊल टाकायला जागा उरली नव्हती. जिजाच्या हातात मासळीचा कोयता होता.

"मी पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. तडा कोनी पाडला, त्ये बी सांगा त्यांना."

भरतीचं पाणी घोट्याशी आलं. कर्णिकांनी पाच हजार म्हटलं, दहा म्हटलं. मग हात जोडता येत नव्हते म्हणून नुसतंच "बाई, बाई" म्हटलं. आयुष्यात ते कुणापुढे इतके लाचार झाले नव्हते.

"फुडं चला," गुणाबाई म्हणाली. "कंबरंएवढ्या पान्यात."

ते चालत गेले. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी फुलदाणी आडवी केली. पाणी गटगट आत शिरलं आणि ती जड होत गेली. बोटं दुखेपर्यंत त्यांनी तिला धरून ठेवलं, मग सोडलं.

"आता हात जोडा," मागून गुणाबाई म्हणाली.

त्यांनी जोडले.