कचेरीखालची निळी रेघ

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि मला स्वस्थ पडून राहता येत नाही. माझी घडणच तशी आहे. जाड कागद, त्याच्या पाठीला खळीने चिकटवलेले कापड आणि वर-खाली एकेक लाकडी दांडा. कितीही ताणून ठेवा, माझ्या कडा आत वळायला बघतात. लांबीला मी निजलेल्या माणसाएवढा आहे आणि रुंदीला दाराएवढा. एका लहान गावाच्या पालिकेच्या जुन्या कचेरीत माझा जन्म झाला.

मला तयार केले एका मोजणीदाराने. खांद्यावर मोजणीची लोखंडी साखळी टाकून तो गल्लीबोळांतून हिंडायचा, म्हणून गाव त्याला साखळीदादा म्हणे. दोन वर्षे त्याने सारे गाव पायाखाली घातले. विहिरी, पायऱ्या, परसातले आड, भिंतींमधल्या फटी, काही सोडले नाही. लोहाराचे म्हणणे असे की त्याचे दुकान कागदावर दिसते त्याहून मोठे आहे. साखळीदादाने तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा तेवढेच भरले.

"तुझी साखळीच आखूड आहे," लोहार म्हणाला. "आण इकडे, दोन कड्या वाढवून देतो."

कचेरीच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, साखळीदादाने मला काढायला घेतले. घरे काळ्या शाईने, रस्ते तांबूस रंगाने, पाणी निळ्याने. एक दिवस त्याने टेकडीच्या झऱ्यापासून तळ्यापर्यंत एक बारीक निळी रेघ ओढली. ती बाजारपेठेखालून जात होती आणि खुद्द कचेरीच्या उत्तर कोपऱ्याखालूनही. फार पूर्वी कोणीतरी तिथे दगडी पाट बांधला होता. पाटावर फरश्या पडल्या, फरश्यांवर माती आली, मातीवर गाव वसले. साखळीदादा एका आडात उतरून, पोटावर सरपटत, तो पाट स्वतः पाहून आला होता.

पालिकेच्या अध्यक्षांनी ती रेघ पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, जे दिसतच नाही ते कशाला काढलंत?"

"दिसत नाही म्हणूनच काढलं साहेब," साखळीदादा म्हणाला. "दिसतं ते लोक बघतीलच की."

मग मला सभागृहात टांगण्यात आले आणि माझे भरभराटीचे दिवस सुरू झाले. नवा नळ कुठून न्यायचा, शाळेला जागा कुठे द्यायची, सगळे माझ्यासमोर ठरे. एकदा दोन चुलत भाऊ एका बोळावरून हमरीतुमरीवर येत कचेरीत शिरले. बोळ माझा, नाही माझा, असे दोघांचे चालले होते. माझ्यासमोर उभे राहिल्यावर कळले की बोळ दोघांचाही नाही, पालिकेचा आहे. दोघे गळ्यात गळा घालून बाहेर पडले आणि चहाच्या टपरीवर बसून, एकमताने, पालिकेला शिव्या देऊ लागले. मला मात्र त्या दिवशी मोठी धन्यता वाटली.

मित्रांनो, मला जपले ते दप्तरबाईंनी. कचेरीचे सगळे जुने कागद त्यांच्या ताब्यात असत. खरे नाव कोणी घेत नसे, सगळे दप्तरबाईच म्हणत. मी कुठे उसवलो, फाटलो की त्या घरून खळ शिजवून आणायच्या, वाळवी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायच्या आणि बोटाच्या टोकाने ठिगळ दाबून बसवायच्या. कोणी मला हात लावला की चष्म्यावरून बघायच्या. तेवढे पुरे होई.

साखळीदादा म्हातारपणी एकदा कचेरीत आला. माझ्यासमोर काठी टेकून बराच वेळ उभा राहिला.

"बाई, ही निळी रेघ कशाची आहे ते कुठेतरी लिहून ठेवा," तो म्हणाला. "आता हे मला एकट्यालाच ठाऊक आहे."

"लिहिते दादा. एवढा महिना सरू दे."

महिना सरला, वर्ष सरले. कामे एकातून एक निघत गेली. साखळीदादा गेल्याची बातमी आली त्या दिवशी दप्तरबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, पण तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. ते लिहायचे राहूनच गेले.

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच कचेरी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली. टेबले गेली, कपाटे गेली. नव्या साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिले. आभाळातून काढलेला नकाशा आता संगणकावर होता, त्यात प्रत्येक छप्पर दिसत होते. साहेब शिपायाला म्हणाले, "हे रद्दीत टाका."

शिपाईमामांनी मला गुंडाळून खांद्यावर घेतले. फाटकापर्यंत नेले. तिथे ते थबकले, इकडेतिकडे पाहिले आणि मागे फिरले. दप्तरखोलीच्या माळ्यावर, मोडक्या खुर्च्यांमागे, मला फाटक्या सतरंजीखाली सरकवून ते निघून गेले. का, ते मला तेव्हा उमगले नाही.

मग वर्षेच्या वर्षे अंधार. सतरंजीतून वाळवी आली आणि मला कुठेतरी कुरतडू लागली. पण मित्रांनो, मला छळत होते ते दुसरेच. खाली उत्तरेच्या भिंतीत बारीक कुरकुर सुरू झाली होती. आधी चुना गळला. मग भेग पडली. ओल वर वर चढू लागली. मी जाणत होतो. त्या कोपऱ्याखाली पाट होता, कुठेतरी तो तुंबला होता आणि पाणी इमारतीच्या पायात मुरत होते. रेघ माझ्या अंगावर होती आणि मी गुंडाळीत होतो. आतल्या आत मी तडफडत राहिलो. दांड्यांना पीळ बसेल इतका आवळला गेलो.

एका सकाळी माणसे आली. त्यांत एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तिने भेगेत पट्टी घालून पाहिली, भिंतीवर टकटक केले आणि म्हणाली, "पाया खचतोय. पाडावी लागेल."

दारावर नोटीस लागली. हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावे. हरकत एकच आली, दप्तरबाईंची. पुढचे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून समजले. नव्या कचेरीत जाऊन त्यांनी इंजिनिअर मुलीला सांगितले की कचेरीखाली पाट आहे, तो मोकळा केला तर इमारत वाचेल.

"पुरावा काय?" तिने विचारले.

"नकाशा होता."

"यादीत नाहीये बाई. अहवालावर माझी सही आहे. नुसत्या आठवणीवर मी ती मागे कशी घेऊ?"

लिहून ठेवायचे काम त्यांचेच होते. घरी न जाता त्या काठी टेकत तशाच शिपाईमामांच्या दारात गेल्या, कारण जुनी कचेरी रिकामी केली ती मामांनीच. मामाही आता थकले होते. नकाशाचे नाव निघताच त्यांनी मान खाली घातली.

"मला फेकायला सांगितला होता," ते म्हणाले. "नाही फेकवला. तुम्ही त्याला ठिगळं लावताना मी रोज बघायचो. पण हुकूम मोडला होता ना, म्हणून तोंड उघडलं नाही. पेन्शन अडकवतील असं वाटायचं."

"मामा, कुठे आहे तो?"

"तिथंच आहे. माळ्यावर."

दुसऱ्या दिवशी तिघेही आली. आत जायला मनाई होती. इंजिनिअर मुलीने स्वतः कुलूप काढले आणि दोघांना उंबऱ्याबाहेर थांबवून एकटीच शिडी चढली. खुर्च्या हलवल्या. माझ्या सतरंजीवर हात ठेवला, धुळीने शिंकली आणि पुढे सरकली. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी सारे गाव गोळा केले असते.

"सतरंजीच्या खाली बघा मॅडम," मामा बाहेरून ओरडले. "खाली."

मला अंगणात उन्हात उलगडले. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, तरी माझ्या कडा उचलतच होत्या. दप्तरबाई गुडघे टेकून खाली बसल्या आणि तशाच थिजल्या. कचेरी होती ती जागाच वाळवीने खाल्ली होती. हाताच्या पंजाएवढे भोक पडले होते. मलाही ते तेव्हाच दिसले.

मग इंजिनिअर मुलगी खाली वाकली. बाजारपेठेकडून निळी रेघ भोकाच्या एका काठापर्यंत येत होती आणि पलीकडच्या काठावरून तळ्याकडे निघत होती. तिने खिशातली पट्टी काढून दोन टोके जोडली, पावले टाकत अंतर मोजले आणि उत्तर कोपऱ्यापाशी चपलेच्या टाचेने मातीत खूण केली.

"इथे खणू," ती म्हणाली.

दोन दिवस खणले. पुरुषभर खोलीवर फरशी लागली. ती उचलल्यावर खाली काळे, साचलेले पाणी दिसले. नवी जलवाहिनी टाकताना कोणीतरी उरलेले सिमेंट पाटात ओतून दिले होते. त्याचा झालेला दगड फोडायला एक अख्खा दिवस गेला. संध्याकाळी पाणी हलले, फिरले आणि तळ्याच्या दिशेने चालू लागले. दप्तरबाई काठावर बसून ते बघत होत्या. इंजिनिअर मुलीने आपला अहवाल मागे घेतला. त्यासाठी तिला वरून बरेच ऐकून घ्यावे लागले.

सगळे वाचले असे मी म्हणणार नाही. उत्तरेची खोली हाताबाहेर गेली होती, ती उतरवावी लागली. माझा जन्म झाला ती खोली आता नाही. बाकीची कचेरी उभी आहे. तिच्या सभागृहात मुले वाचायला येतात. मी तिथे काचेमागे आहे. माझे भोक दप्तरबाईंनी कोऱ्या कापडाने बुजवले. त्यावर रेघ काढायला मात्र त्यांनी नकार दिला. "माझं अक्षर आता थरथरतं," म्हणाल्या. म्हणून इंजिनिअर मुलगी दर रविवारी त्यांच्याकडे वही घेऊन जाते. बाई सांगतात, ती लिहिते. मामा मधूनच चुका काढतात. कुठला आड कधी बुजवला, कुठल्या भिंतीत जुनी वाट होती, सगळे. वही अर्धी झाली आहे आणि बाईंना आता दम लागतो.

म्हणून मला आजही चैन नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, ही माझी विनंती आहेच. पण मित्रांनो, कागदावर कधी न उतरलेले पुष्कळ काही तुमच्याही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे जा. परीक्षा झाल्यावर नको, सुट्टी लागल्यावर नको. या रविवारीच जा, आणि जाताना वही न्या.