भुताची बटणं

नाटकमंडळीत तिला सगळे लवंगीबाई म्हणत. अंगाने एवढीशी, पण तिखटपणात कुणाला हार जायची नाही. वीस वर्षं रंगमंचावर भांडखोर शेजारीण आणि खाष्ट सासू याखेरीज तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं. साठीला टेकल्यावर पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली, तर तीही खाष्ट विधवेचीच! पण या विधवेला एक प्रवेश असा होता, ज्यात गेलेला नवरा तिला दिसतो. तेवढ्या पाच मिनिटांत प्रेक्षकांना कळायचं, की ही बाई जगावर का डाफरते. नेमका तोच प्रवेश तिला जमत नव्हता. ती किंचाळायची, थरथरायची, हातांनी तोंड झाकायची. सगळं खोटं.

"बाई, आज शेवटची तालीम," दिग्दर्शक म्हणाला. "आजही जमलं नाही, तर मी भूतच कापून टाकतो."

लवंगीबाईने मनाशी हिशेब केला. भूत गेल्यावर उरणार काय? नुसती कजाग म्हातारी. ती तर लोकांनी वीस वर्षं पाहिली होती.

मंडळी छोटी, म्हणून पोस्टमन आणि भूत एकाच नटाच्या गळ्यात पडले होते. पोस्टमन पत्र देऊन आत जायचा आणि मिनिटभरात खाकी उतरवून, पांढरा सदरा चढवून दुसऱ्या दाराने भूत होऊन यायचा. दिग्दर्शकाचा नियम एकच. भुताला हात लावायचा नाही. लावला की त्याचं भूतपण संपलं.

त्या दुपारी भूत धापा टाकतच आलं. निळा प्रकाश पडला. लवंगीबाईने किंचाळायला तोंड उघडलं आणि तिचं लक्ष सदऱ्याकडे गेलं. घाईत खालचं बटण वरच्या काजात गेलं होतं आणि सदरा एका बाजूने लोंबत होता.

किंचाळी घशातच राहिली. कपाळावर आठी आली. ती तरातरा पुढे गेली आणि भुताची बटणं काढू लागली.

"जाऊन वर्ष झालं, तरी तुमचं हे असंच का?" हे वाक्य संहितेत कुठेच नव्हतं. "तिकडे कोण बघतं हो तुमच्याकडे?"

शेवटचं बटण लावून झालं. हात मात्र सदऱ्यावरून निघेना. तिला रडायचं नव्हतं. रडू आपलं आपण आलं.

भूत बिचारं संवाद विसरून उभं. दिग्दर्शक नाक ओढत म्हणाला, "हात लावायचा. रोज लावायचा. आणि बटण रोज चुकवायचं, कळलं का रे भुता?"

संध्याकाळी लवंगीबाई हवेत तरंगतच घरी आली. नवऱ्याने दार उघडलं. सदरा नेहमीसारखा तिरका. चाळीस वर्षांत हा माणूस बटणं सरळ लावायला शिकला नव्हता, आणि चाळीस वर्षं ती दारातच तोंडाचा पट्टा सोडत आली होती.

आज ती काही न बोलता एकेक बटण काढून सावकाश लावू लागली.

"काय गं, जमलं नाही वाटतं?" नवरा घाबरला. "ओरडली नाहीस ती!"

"जमलं. ओरडते ना, थांबा जरा," ती म्हणाली, आणि बटणं लावून झाल्यावरही त्याच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली.